सरांच्या चित्रातला बधना

जुन्या नाशकात, चौक मंडईपासून चालत पाच मिनिटांवर एक वाडा आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर पेटीच्या मागे एक चित्र गेली पंचवीस-तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं होतं. हार्डबोर्डवर तैलरंगात काढलेलं, दोन फूट बाय अडीच फूट. खालच्या कोपऱ्यात उर्दूत सही आणि १९८६ हे साल. काढणारे आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. मी त्याच शाळेत इतिहास शिकवत होतो. सगळी शाळा त्यांना नुसतं 'सर' म्हणायची, म्हणून मीही इथे सरच म्हणतो.

चित्र भिंतीकडे का वळलं, ती हकीकत आधी सांगायला हवी. सरांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलाकडून आलेल्या मंडळींतले एक बुजुर्ग चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सर, ये घर में मुर्गा काय कू टांगे?" सरांनी सांगितलं की तो मुर्गा नाही, बधना आहे. बुजुर्गांनी मान हलवली, पण त्यांची नजर काही हटेना. एका बाजूला फुगीर पोट, दुसऱ्या बाजूला उंच गेलेली वाकडी मान आणि त्या मानेवर लाल तुरा. ज्या खोलीत नमाज होते तिथे जानदार प्राण्याचं चित्र नको, असं त्यांनी नरमाईनंच सुचवलं. सर वाद घालणारे नव्हते. मुलीचा संसार मोठा की चित्र? रात्री त्यांनी ते काढून ठेवलं, ते पुन्हा लावलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. आता वाडा पाडून तिथे इमारत उठायची आहे. सामान हलवताना धाकट्या मुलाला चित्र सापडलं आणि त्यानं मला बोलावून घेतलं. "चाचा, तुम्ही इतिहासवाले. ह्यात नेमकं काय आहे ते एकदा सांगा. मग नव्या घरात न्यायचं की भंगारात द्यायचं ते ठरवतो."

मी चित्रकलेतला जाणकार नाही. पण सरांबरोबर तीस वर्षं एका स्टाफरूममध्ये चहा प्यालो आहे. त्या चहाचं थोडं ऋण फेडावं म्हणून हा लेख.

आधी चित्रात काय दिसतं ते. खाली लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, पण ते टेबलावरून लोंबत नाही, गालिच्यासारखं उभं ताणलेलं दिसतं. त्यावर एक नारिंगी पातेलं, निळ्या रेषेनं बांधलेली सुरई, द्राक्षांचा घड म्हणून जांभळ्या-हिरव्या गोळ्यांची दाटी, अर्ध्यात कापलेलं डाळिंब आणि तो वादग्रस्त बधना. मागची भिंत पिवळी. त्या पिवळ्यात एक काळा आकार आहे, भांड्यासारखा, पण भांडं नाही. सावल्या कुठेच नाहीत. वस्तू ओळखू येतात, पण खऱ्यासारख्या नाहीत. ह्या प्रकाराला अर्धअमूर्त म्हणतात. सामान्य माणूस 'समजत नाही' म्हणतो, तो हाच प्रकार.

आपल्या समाजात स्थिरचित्राकडे कसं पाहिलं जातं, हे चित्रकलेच्या शिक्षकाइतकं कुणालाच माहीत नसेल. महाराष्ट्रातल्या शाळांतून हजारो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात, उर्दू शाळांतलीही बसतात. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्राच्या पेपरला आपल्या घरांतून कुणाची हरकत नसते. घडा, वांगी, चादर. हरकत येते ती स्मरणचित्राला. बाजार काढायचा तर माणसं काढावी लागतात. सरांकडे दरवर्षी दोन-तीन पालक यायचे. सर त्यांना सहीह हदीसच्या संग्रहांतला प्रसंग सांगायचे. चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्न अब्बास यांच्याकडे आला. त्यांनी त्याला पैगंबरसाहेबांची (स.) ताकीद ऐकवली. माणसाचा चेहरा उतरला, तेव्हा इब्न अब्बास यांनीच त्याला वाट दाखवली की हाच धंदा करायचा असेल तर झाडं काढ, ज्यांत जीव नाही अशा वस्तू काढ.

ह्या हदीसचा अर्थ काय लावायचा, त्यावर उलेमांत बराच खल झाला आहे. मला इथे त्यात शिरायचं नाही. मला दिसते ती एक सवय. वस्तूंचं चित्र म्हणजे मोठ्या मेजवानीतून आपल्या वाट्याला आलेला उरलासुरला घास, असं आपण धरून चालतो. दुसरे माणसं काढतात, देव काढतात, लढाया काढतात. आपण काय, तर मडकं आणि फळं. सरांनाही सुरुवातीला असंच वाटायचं. इतिहास मात्र काही वेगळंच सांगतो.

विजापूरचं आसार महाल घ्या. मुहम्मद आदिलशहाच्या काळातली, सतराव्या शतकाच्या मध्यातली ही इमारत. पुढे तिथे पैगंबरसाहेबांच्या (स.) दाढीचा केस जतन केला म्हणून ती पवित्र मानली गेली. वरच्या मजल्यावरच्या दालनांत भित्तिचित्रं होती. माणसांच्या आकृती होत्या त्या खरवडल्या गेल्या. फुलदाण्या आणि त्यांतून वर चढणाऱ्या वेली मात्र राहिल्या. बघणारा म्हणेल, माणसं गेली म्हणून उरलं ते मडकं. पण आग्र्याला इतिमादुद्दौलाच्या मकबऱ्यात कुणी काही खरवडलेलं नाही. नूरजहाँनं बापासाठी १६२२ ते १६२८ ह्या वर्षांत बांधून घेतलेल्या त्या वास्तूत सुरया, प्याले, फळं, गुलदस्ते आणि सरूची झाडं भिंतीभर आहेत. कारागिरांना माणसं काढता येत नव्हती असं नाही. त्याच काळात जहांगीरच्या दरबारातले चित्रकार माणसांची हुबेहूब चित्रं काढत होते. मकबऱ्यासाठी वस्तू निवडल्या, त्या जाणूनबुजून. मेलेल्या माणसाच्या घरी त्याची ताटवाटी मांडून ठेवावी, तशा.

आणि ह्या वस्तू खऱ्यासारख्या नाहीत, हे लक्षात घ्या. सावली नाही, खोली नाही, दोन्ही बाजू सारख्या. आज आपण ज्याला अर्धअमूर्त म्हणतो, ते तिथे चारशे वर्षांपूर्वी निवांत बसलेलं आहे.

त्याही पलीकडे इराणात अर्दबील गाव आहे. तिथल्या शेख सफीच्या दर्ग्याला शाह अब्बासनं १६११ साली हजारांहून जास्त चिनी भांडी वक्फ केली. ती ठेवायला जे दालन सजवलं, त्याला चिनीखाना म्हणतात. भिंतींत शेकडो कोनाडे, प्रत्येक कोनाडा सुरईच्या, गुलाबदाणीच्या, वाडग्याच्या आकारात कापलेला. इस्फहानच्या आली कापू महालातल्या संगीताच्या दालनात तर हे कोनाडे इतके नाजूक आहेत की भांडं नसतानाही आकारच भांड्याचं काम करतो. ही कल्पना मला फार भावते. वस्तू काढायची नाही, वस्तूची जागा काढायची. सरांच्या चित्रातला पिवळ्या भिंतीवरचा काळा आकार पाहताना मला प्रथम अर्दबीलच आठवलं. मुलाला तसं सांगितलंही. त्यावर काय झालं ते पुढे येईलच.

आता जरा युरोपकडे वळू, कारण 'हे मॉडर्न आर्ट म्हणजे गोऱ्यांचं' अशी एक समजूत आहे. हॉलंडमधल्या सतराव्या शतकातल्या स्थिरचित्रांत मेजावर काय असतं? तुर्की गालिचा, चिनी पोर्सेलिन, आणि तुर्कस्तानातून आलेला ट्यूलिप. भांडी आपल्या बाजूची, पण बघण्याची रीत त्यांची: प्रकाश एका बाजूनं, सावली दुसरीकडे, द्राक्षावर पाण्याचा थेंब. ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडली. त्यात आपल्या बाजूचा हात किती होता, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. १९१० साली जर्मनीत म्युनिक शहरी मुस्लिम कलेचं एक प्रचंड प्रदर्शन भरलं. गालिचे, धातूची भांडी, काचेचे दिवे, चित्रांकित पोथ्या असा साडेतीन हजारांवर वस्तूंचा पसारा होता. फ्रेंच चित्रकार हेन्री मातिस ते बघायला मुद्दाम गेला. तिथून त्याच हिवाळ्यात स्पेनला, कुर्तुबा आणि अल्हम्ब्राच्या वाटेवर. सेव्हिलमध्ये त्यानं दोन स्थिरचित्रं रंगवली. नक्षीच्या चादरी, फुलं, फळं, आणि सगळं एका पातळीवर येऊन उभं राहिलेलं. आज ती रशियात हर्मिताज संग्रहालयात आहेत. कापड वरून पाहिल्यासारखं आणि भांडं समोरून पाहिल्यासारखं, ही युक्ती इराणी आणि मुघल लघुचित्रं शतकानुशतकं करत आली होती.

ह्या मातिसच्या, सेझानच्या चित्रांच्या छापील प्रती मुंबईत पोचल्या त्याही गमतीदार वाटेनं. १९३०च्या दशकात जर्मनी-ऑस्ट्रियात नाझींचा जाच सुरू झाला. तिकडून निघून मुंबईला आलेल्यांत वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लेडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर होते. एक 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कलासंचालक, एक कलासमीक्षक, एक संग्राहक. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमायचे, पुस्तकं उलटायचे. १९४७ साली त्यांतल्या सहाजणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला: सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे. फाळणीचं वर्ष, आणि सहांत दोन मुसलमान, एक गोव्याचा ख्रिस्ती. ही यादी मी वर्गात फळ्यावर लिहायचो आणि दोन मिनिटं काही बोलायचो नाही.

ह्यांतला कृष्णाजी हौलाजी आरा सरांचा आवडता. आपल्याकडे हुसेन सगळ्यांना माहीत, रझाही थोडाफार. आराचं नाव फार जणांनी ऐकलेलं नसतं. १९१४ साली सिकंदराबादजवळ बोलारमला जन्म. वडील मोटारचालक. आई लहानपणीच गेली, आणि सातव्या वर्षी हा पोरगा पळून मुंबईला आला. साहेबांच्या घरी नोकर म्हणून राबला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. सुटल्यावर मोटारी धुण्याचं काम केलं. चित्रं काढायचा ती उरलेल्या वेळात. फॉन लेडनच्या नजरेला ती पडली. १९४२ साली चेतना रेस्टॉरंटमध्ये पहिलं प्रदर्शन झालं. मराठ्यांच्या लढाईच्या चित्राला १९४४ साली गव्हर्नरचं बक्षीस मिळालं. लढाई गाजली म्हणजे दुसरा कुणी जन्मभर घोडेच रंगवत बसला असता. आरानं मात्र फुलदाणी, सुरई आणि फळं हाच आपला विषय केला. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्याला मिळालं ते 'टू जग्ज' ह्या चित्रासाठी. दोन जग, दोन भांडी.

लोकांची भांडी घासलेल्या माणसानं भांड्यांची चित्रं काढावीत, ह्यात काय आहे ते मला सरांनी एकदा समजावून सांगितलं होतं. नोकराला घरातली माणसं माहीत नसतात, वस्तू माहीत असतात. कुठला जग जड, कुठल्याला चरा, कुठला हातातून सुटला तर पगार कापला जाईल. आराच्या फुलदाण्या चित्राची सगळी जागा व्यापून बसतात. पाहुणीसारख्या कोपऱ्यात नसतात, मालकिणीसारख्या असतात. ह्याच गटातल्या सूझाच्या स्थिरचित्रांत गोव्याच्या चर्चमधले चषक आणि पात्रं येतात. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनच्या चित्रांत आजोबांचा कंदील आणि छत्री पुन्हा पुन्हा येत राहते. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता, ती गेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. आजोबांचा कंदील आठवत होता. १९९६पासून त्याच्या ज्या चित्रांवरून रान उठलं, २००६ साली त्याला देश सोडावा लागला आणि २०११ साली लंडनमध्ये तो वारला, त्या सगळ्या गदारोळात ह्या कंदिलाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माणूस काढला तर घरचे विचारतात, देवी काढली तर बाहेरचे. कंदिलाला कुणी काही विचारत नाही, हे त्याचं भाग्य म्हणायचं की आपलं दुर्दैव, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सर साठच्या दशकात चित्रकला शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी मुंबईत होते. रविवारी आर्टिस्ट्स सेंटरमध्ये जायचे. आरा त्या संस्थेचं काम बघायचा. त्याला दुरून पाहिलं होतं, बोलायचं धाडस झालं नाही, असं सर सांगत. ३० जून १९८५ला आरा वारला. सरांच्या चित्रावर १९८६ साल आहे.

तर आता त्या चित्राकडे परत. मी मुलाला म्हटलं, तुला हे टेबल वाटतं, पण हे टेबल नाहीच. तुमच्या घरात १९८६ साली टेबल कुठे होतं? हा जमिनीवर अंथरलेला दस्तरखान आहे. वाढणारी उभी राहून वाकते तेव्हा तिला तो असा वरून दिसतो, आणि जेवायला बसलेल्याला भांडी बाजूनं दिसतात. चित्रात दोन्ही नजरा एकत्र आहेत. मुलगा गप्प झाला. त्याची अम्मी, आमच्या भाभी, दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

फळं बागवानपुऱ्यातली. मोगल अमलात ह्या नाशकाचं नाव गुलशनाबाद होतं, अठराव्या शतकात पेशव्यांनी ते पुन्हा नाशिक केलं. गुलशन गेलं, पण बागवान राहिले. आजही हातगाडीवर द्राक्ष आणि डाळिंब त्यांच्याकडूनच घ्यायचं. दोन्ही फळांचा उल्लेख कुरआनात जन्नतीच्या संदर्भात येतो. सरांनी डाळिंबाचे दाणे एकेक करून, दागिना घडवावा तसे बसवले आहेत. बाकी चित्र भराभर रंगवलेलं, इथे मात्र हात थांबलेला दिसतो.

पातेलं बाहेरून नारिंगी आहे, आतून पांढरं, आणि त्या पांढऱ्यात मध्ये पुन्हा नारिंगी डाग. मुलाला वाटलं की रंग नीट बसलेला नाही. ज्यानं कल्हई पाहिलेली नाही त्याला ते कळायचं नाही. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. भांडीबाजारात तांबटांची ठोकाठोक, आणि ती भांडी घरोघर गेल्यावर त्यांना कल्हई लावणारे बहुतेक आपल्यातले. खड्डा खणून भट्टी, भाता, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं की भांड्यात चांदणं उतरायचं. कल्हई उडाली की आंबट कळकायचं, म्हणून दर काही महिन्यांनी कल्हईवाला हवाच. स्टील आलं आणि हा माणूस गल्लीतून दिसेनासा झाला. सरांचे वडील तेच काम करायचे. कल्हई उडालेलं पातेलं म्हणजे कुणीतरी यायचं राहिलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

काळ्या आकाराबद्दल मी अर्दबीलचा चिनीखाना सांगितला. भाभींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चिनीखाना असेल भाऊ. पण ती माझी देग आहे. माहेरची. थोरलीच्या डी.एड.ची फी भरायची होती तेव्हा मोडीत घातली. तिथेच असायची, त्या भिंतीला. ती नेल्यावर पिवळ्या चुन्यावर काळा डाग राहिला होता, सर रोज बघायचे." मी माझं अर्दबील मुकाट्यानं आवरतं घेतलं. तरी एक मनात आलं, ते इथे लिहितो. सरांनी चिनीखान्याचा फोटो कधी पाहिला होता का, ते विचारायचं राहून गेलं. पाहिला नसेल तर एकाच कल्पनेपर्यंत इराणचा बादशहा आणि नाशिकचा ड्रॉइंग मास्तर वेगवेगळ्या वाटांनी पोचले. एकाकडे ठेवायला भांडी खूप होती, दुसऱ्याकडचं एक गेलं होतं.

राहिला बधना. मुलाला मी कैरोच्या इस्लामी कलेच्या संग्रहालयातल्या एका झारीचा फोटो दाखवला. ब्राँझची, आठव्या शतकातली. शेवटचा उमय्या खलिफा मरवान दुसरा जिथे मारला गेला त्या परिसरात सापडली, म्हणून त्याच्या नावानं ओळखली जाते. तिच्या तोटीवर पंख पसरून आरवणारा कोंबडा आहे. म्हणजे ते बुजुर्ग काही अगदीच चुकले नव्हते. तोटीत कोंबडा पाहणारे बाराशे वर्षांपूर्वीही होते, फरक एवढाच की त्यांनी तो घडवून तिथे बसवला.

"म्हणजे सरांनीही मुर्गाच काढलाय?" मुलगा हसत म्हणाला. घरात तोही वडिलांना सरच म्हणायचा. "मग हा लाल तुरा कसला?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लाल रंग तिथे का, ह्यावर मी काहीतरी बोलणार होतो, चौकड्यांचा लाल वर न्यायचा म्हणून वगैरे. तेवढ्यात भाभी आत गेल्या. मोरीतून तांब्याचा जुना बधना घेऊन आल्या, पदरानं पुसला आणि चित्रासमोर जमिनीवर ठेवला. तोटीच्या मुळाशी डाग दिलेला होता, काळपट.

"गळायचा," त्या म्हणाल्या. "झाळायला पैसे नव्हते, म्हणून चिंधी मीच बांधली होती. लाल."